ड्रमवर बुद्धरत्न

लॅबच्या काउंटरवरच्या पोरीनं "बुद्धरत्न ओव्हाळ" अशी हाक मारली आणि ज्योतीराम ढवळे उठून चालू लागला. एरवी उठताना गुडघे आधी भांडायचे आणि मग ऐकायचे. आज ते निमूट निघाले. आपण उठलो हे त्याला कळलं तेव्हा तो पडद्याच्या आत स्टुलावर बसून डाव्या हाताची बाही वर सरकवत होता. "बुद्धरत्न ओव्हाळ ना बाबा? उपाशीपोटी आलाय ना?" पोरीनं एका दमात विचारलं. दोन प्रश्न एकदम आले की माणूस सोप्याचं उत्तर देतो. पोटात खरंच काही नव्हतं. "हो," तो म्हणाला. तिनं रबरी पट्टा आवळला, मूठ मिटायला लावली, सुई आत गेली, आणि तरीही त्याला वाटत होतं की अजून वेळ आहे, अजून सांगता येईल की बाई, ते नाव माझं नाही. रक्त नळीत चढत गेलं. काळसर होतं. तिनं नळीला चिठ्ठी चिकटवली आणि मग सांगायचं राहूनच गेलं. कोपरात कापूस दाबून तो पुन्हा आपल्या खुर्चीवर येऊन बसला, तेव्हा एसी चालू असूनही त्याची बनियन पाठीला चिकटली होती.

चऱ्होलीच्या त्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर आधी काय होतं ते त्याला आठवत होतं. हरभरा होता. आता काच होती, हिरव्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि भिंतीवर हसणाऱ्या मूत्रपिंडाचं चित्र होतं. सून दीपमाला त्याला खुर्चीवर बसवून, "बाबा, कुठं उठून जाऊ नका हं," असं बजावून समोरच्या मेडिकलमध्ये गेली होती. ती वाईट नाही, फक्त काळजी करते. परवा डॉक्टरांसमोर तिनं सांगितलं ते त्यानं ऐकलं होतं. डॉक्टर विचारत होते की आजोबा विसरतात का, आणि दीपमाला म्हणाली, "विसरत नाहीत हो. जास्तच आठवतं त्यांना. जे त्यांच्याबाबतीत झालंच नाही, तेसुद्धा." डॉक्टर हसले आणि त्यांनी रक्तातलं काहीतरी कमी असेल म्हणून ही तपासणी लिहून दिली. आता ते जे काही कमी आहे ते बुद्धरत्न ओव्हाळच्या नावावर कमी निघणार होतं. यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्याला हसू येईना, कारण दहा वाजता मिनलचा फोन येणार होता आणि मिनलही ओव्हाळच होती. आणि हॉलमध्ये त्या नावाला दुसरं कुणी उठलं नव्हतं. समोरच्या कोपऱ्यात आणखी एक म्हातारा तेवढा होता, उंच, पांढऱ्या टोपीचा, मान खाली घालून बसलेला. त्याचाही नंबर अजून लागला नव्हता.

ही मिनल त्याला आठवड्यापूर्वी सापडली, किंवा तो तिला सापडला. तळवड्याच्या कुठल्याशा आयटी कंपनीत काम करणारी पोरगी. तिनं फोनवर आधी आदरानं ओळख सांगितली आणि मग विचारलं, "काका, तुम्ही 'द रिव्हेट्स'मध्ये होतात ना?" पन्नासाहून जास्त वर्षांत ते नाव त्याच्याशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं. बायको होती तोवर ती ऐकून घ्यायची. मुलगा ऐकत नसे. नात भाग्यश्री तर सरळ म्हणायची, "आजोबा, तुम्ही आणि रॉक बँड! पिंपरीत!" आणि त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. मिनलकडे टेप होती. ज्योतीरामच्या जुन्या कंपनीच्या कॉलनीतल्या गणपतीत, अडुसष्ट साली, कल्याण अधिकाऱ्यानं आपल्या जर्मन यंत्रावर धरलेली. त्या साहेबांच्या घरच्यांनी माळा साफ करताना ती भंगारात काढली, फिरत फिरत ती मिनलकडे आली, तिनं ती कुणाकडून तरी फोनवर घेण्याजोगी करून घेतली आणि त्याला पाठवली. त्यानं ती गच्चीत उभं राहून ऐकली. आधी खरखर. मग माणसांचा गलबला, एका लहान मुलाचं रडणं, बँडमधल्या उद्धवरावच्या गिटारची ती दात शिवशिवणारी शिट्टी. आणि मग निवेदकाचा आवाज, इंग्रजीचा आव आणलेला, एकेक नाव पुकारणारा. सगळ्यात शेवटी: "ऑन द ड्रम्स... बुद्धरत्न!" टाळ्या. आणि ड्रम वाजू लागला. ज्योतीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण तो ड्रम तो स्वतः वाजवत होता.

हे परक्याला समजावून सांगणं अवघड आहे, पण त्यांच्यात ते कुणालाच विचित्र वाटलं नव्हतं. उद्धवराव हा इलेक्ट्रिक खात्यातला. जुन्या रेडिओंच्या पोटातून त्यानं अँप्लिफायर बांधला होता, खडकीच्या बाजारातून पलटणीच्या बँडचा टाकून दिलेला ड्रमसेट आणला होता, आणि चौघांचं टोळकं जमवून रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणी तो कँटीनच्या मागच्या शेडमध्ये बसवायचा. त्याच्या वडिलांचा चिंचवड स्टेशनजवळ लग्नाचा बँड होता. त्या बँडमध्ये पुढं क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला गुलाबमास्तर म्हणत. मूळचा गुलाबमास्तर कधीच मरून गेला होता. त्याच्या जागी जो येईल तो गुलाबमास्तर. लग्नघरचे लोक त्याच नावानं सुपारी देत, त्याच नावानं आहेर करत, आणि माणसानं तक्रार केल्याचं कुणी ऐकलं नाही. जागेला नाव असतं, माणूस नुसता बसतो. उद्धवरावानं ही रीत जशीच्या तशी उचलली. मोठ्या ड्रमच्या तोंडावर पेंटरकडून चार नावं लाल ऑइलपेंटनं रंगवून घेतली होती: उद्धव, फ्रान्सिस, विल्सन, बुद्धरत्न. पुढं बुद्धरत्न यायचा बंद झाला आणि ज्योतीराम आला, तेव्हा त्यानं बिचकत विचारलं होतं की माझं नाव कधी घालायचं. उद्धवराव गिटारची तार पिळत म्हणाला, "भावा, नाव हलवायचं नाही. लोकांच्या तोंडी बसलंय. तू त्याच्यात बस." ज्योतीराम बसला. उदगीरकडून आलेला, लेथवर काम करणारा, विशीतला पोरगा. त्याला वाटलं ही इंग्रजी बँडचीच पद्धत असेल.

बुद्धरत्नला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. हीच गोष्ट त्याला अलीकडे फार छळत होती. त्यानं पाहिलं होतं ते फक्त स्टूल, आपल्यापेक्षा उंच माणसासाठी वर चढवलेलं आणि तिथंच गंजून बसलेलं, त्यामुळे त्याचे पाय कायम टाचा उचलून पेडलवर असत. पाहिल्या होत्या त्या काठ्या, मागच्या टोकाला दातांच्या खुणा असलेल्या. त्याला त्या खुणांवर आपले दात ठेवून पाहायची सवय लागली आणि काही महिन्यांत ते बसूही लागले. बाकी सगळं शिक्षण उद्धवरावच्या तोंडून. बुद्धरत्न इथं थांबायचा. बुद्धरत्न आधी डावा हात टाकायचा. बुद्धरत्न या जागी हसायचा. तो त्या जागी हसू लागला. कंपनीतही पोरं त्याला बुद्धरत्नच म्हणत, "ए बुद्धरत्न, ओव्हरटाइम आहे का रे?", आणि गावाकडून आलेल्या पत्रावरचं ज्योतीराम हे नाव वाचताना त्याला क्षणभर वाटे की हे दुसऱ्या कुणाचं पत्र आपण फोडलं. मग तो बुद्धरत्न गेला कुठं, असं त्यानं एकदाच विचारलं. "घरी बापाशी भांडला. निघून गेला. आला की येईल," उद्धवराव म्हणाला. "तोवर जागा गरम ठेव." तो कधी आला नाही आणि जागा गरमच राहिली.

भांडणाचं कारण त्याला ठाऊक होतं. कुणी सांगितलं ते मात्र आठवत नव्हतं, आणि दीपमाला डॉक्टरांना म्हणाली होती ते हेच. त्याला पवना नदी आठवते. दीक्षा घेऊन आल्याचा दुसरा दिवस. तो दहा वर्षांचा. काल सकाळपर्यंत तो खंडू होता आणि आज घरातले त्याला बुद्धरत्न म्हणून हाक मारायला शिकत होते, आणि चुकत होते. बाप गुडघाभर पाण्यात उभा आहे आणि गावकीत वाजवायची हलगी त्यानं पाण्यात टाकलीय. आता मेलेलं ढोर ओढायचं नाही, कुणाच्या दारात वाजवायचं नाही. पण हलगी बुडत नाही. चामडं वर येतं, भोवरा घेतं, काठाकडं परत येतं. बाप ती पायानं दाबून धरतो, अख्खा भार देऊन, आणि पाण्याखालून एक आवाज येतो, पोटातून आल्यासारखा. थंडी वाजते. धाकटा धम्मरत्न आईच्या कडेवरून विचारतो, दादा, ती रडती का? हे सगळं ज्योतीरामला इतकं स्वच्छ आठवतं, की बापाच्या पोटरीवरचा तीळही सांगता येईल. आणि त्या वर्षी ज्योतीराम उदगीरजवळ आपल्या गावी, आपल्या बापाच्या दुकानात गुळाच्या ढेपा मोजत बसलेला होता. तेही त्याला आठवतं, पण पुसट. जणू कुणीतरी सांगितलेलं.

मिनलच्या घरी मात्र गोष्ट अशी होती: तिच्या आजोबांचा थोरला भाऊ बुद्धरत्न सदुसष्टच्या उन्हाळ्यात बापाशी भांडून घरातून गेला. बाप म्हणाला होता, "मी हलगी बुडवली आन तू इलायती हलगी घिऊन बसला?" त्यावर पोरगा म्हणाला की याला जात नसते. बापानं त्याच्या तोंडात मारली. नंतर तो कुणालाच दिसला नाही. पण त्याची आई, गोजाबाई, मरेपर्यंत सांगत राहिली की पोरगा कुठं गेला नाही, तो वाजवतो, मी कानानं ऐकलंय. सगळ्यांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला. आणि आता ही टेप निघाली. "आमचे आजोबा, म्हणजे धम्मरत्न, अंथरुणावर आहेत, काका," मिनल म्हणाली होती. "डॉक्टरांनी फार दिवस नाहीत म्हणून सांगितलंय. टेप ऐकल्यापासून एकच धोशा लावलाय, दादाच हाय, दादाच हाय. निदान तो वर्षभर तरी होता, पिंपरीतच होता, एवढं त्यांना खरं करून हवंय. तुम्ही तिथं होतात. तुम्ही सांगा, वाजवतंय कोण?" त्याला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. "उद्या सांगतो, नीट ऐकून," असं तो म्हणाला होता. आणि काल संध्याकाळी त्यानं भाग्यश्रीला जवळ बसवून तीच टेप ऐकवली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, "पण आजोबा, ते तर दुसऱ्याचंच नाव घेतायत." त्यावर त्यानं ठरवून टाकलं होतं. अख्ख्या आयुष्यात त्यानं एकच गोष्ट अशी केली होती जिला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती तो दुसऱ्याला देणार नव्हता. मिनलला सांगायचं, पोरी, तो मी आहे. म्हाताऱ्याला वाईट वाटेल. वाटू दे. आपणही म्हातारेच आहोत.

ठरवणं सोपं गेलं, कारण त्या वेळी त्यानं गोजाबाईला आठवू दिलं नव्हतं. आता लॅबच्या खुर्चीवर, कोपरात कापूस दाबलेला असताना, ती आलीच. पहिली पाळी सुटली होती, गेटाबाहेर सायकलींची गर्दी, आणि ती पहारेकऱ्याला विचारत होती की डरम वाजवणारा बुद्धरत्न कोण. पहारेकऱ्यानं बोट दाखवलं. ती आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दुधाळ. तिनं हात वर करून त्याची हनुवटी धरली, बोटं गालावरून कानापर्यंत नेली आणि म्हणाली, "बारीक झालास रं." त्याला बोलायचं होतं. तिनं बोलू दिलं नाही. "बापाचा राग धरू नगंस. हलगी त्यानं बुडवली, पर हात कसं बुडवनार? घरी ये म्हनत न्हाई मी. तू वाजीव. मला कुंपनापातूर ऐकू येतं, तेवढं बास हाय." आणि फडक्यात बांधलेली भाकरी, वर मिरचीचा ठेचा, तिनं त्याच्या हातात दिला. "येशील ना वाजवाया?" "व्हय," तो म्हणाला. तेवढंच म्हणाला. भाकरी त्यानं लेथखात्याच्या मागं बसून खाल्ली आणि ती इतकी चांगली होती की त्याला स्वतःची किळस आली. त्यानंतर गणपतीत, कंपनीच्या स्नेहसंमेलनात, जिथं जिथं बाहेरच्यांना उभं राहता येई तिथं ती कुंपणापाशी असायची, आणि निवेदकानं नाव पुकारलं की डोक्यावरचा पदर सारखा करायची. तिला फसवता आलं असेल, असं त्याला कधीच वाटलं नाही. ज्या बाईनं त्या तोंडाला नऊ महिने पोटात बाळगलं, तिच्या बोटांना काय कळलं नसेल? पण मग तिनं ती भाकरी कुणाला दिली?

आणि बँड तर पुढंही बदलत राहिला. तळेगावहून लोकलनं येणारा फ्रान्सिस लग्न करून गेला आणि त्याच्या जागी केरळचा एक फिटर फ्रान्सिस म्हणून गाऊ लागला. विल्सनच्या जागी दोन विल्सन होऊन गेले. सत्तर साली उद्धवरावच बदली होऊन गेला. जाताना रडला, गिटार ठेवून गेला, आणि महिन्याभरात नव्या उद्धवरावाला "उद्धवराव अशी मान तिरकी करायचा" हे शिकवायचं काम ज्योतीरामवर येऊन पडलं. पोरगा हुशार होता. दिवाळीपर्यंत तो इतका उद्धवराव झाला की एकदा ज्योतीरामनं त्याला तो येण्याआधीच्या एका गुरुवारच्या तालमीची आठवण विचारली आणि त्यानं ती सांगितली, तपशिलासकट, आणि बरोबर. त्या दिवशी शेडमध्ये चौघं बसले होते, ड्रमवर चार नावं होती, आणि त्या नावांचं तिथं कुणीच नव्हतं. गाणं मात्र पूर्वीसारखंच वाजत होतं. ज्योतीरामला भीती वाटली. ती इतकी उघडी, साधी भीती होती की त्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या नाहीत. लग्न केलं, मुलगा झाला, नोकरी पुरी केली. पण टेपमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं मिनलला सांगितली नव्हती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ड्रमर एकाएकी इंग्रजी ठेका सोडतो आणि कडेच्या पत्र्यावर डाव्या हातानं काहीतरी वाजवतो. तीन मोठे, एक थांबा, मग बारीक घाईचे. तो हलगीचा तुकडा आहे. ज्योतीरामला तो वाजवल्याचं आठवतं, बोटांना आठवतं. पण हलगी त्यानं जन्मात शिकली नव्हती.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचा हात खुर्चीच्या कडेवर पडला होता. डावा. त्याची बोटं हलत होती. आधी ज्योतीरामला वाटलं म्हातारपणाचा कंप असेल, आपल्यालाही सुटतोच. मग त्यानं कान दिला. तीन मोठे. थांबा. मग बारीक, घाईचे. प्लास्टिकवर नखांचा आवाज तो केवढा असणार, पण हॉल रिकामा झाला होता आणि तो ऐकू येत होता. ज्योतीरामनं त्याचं तोंड पाहायचा प्रयत्न केला. टोपीखाली नाक दिसत होतं, कान दिसत होता. कशाशी पडताळून पाहणार? माणूस उंच होता, एवढंच. बुद्धरत्न ओव्हाळ म्हणून हाक आली तेव्हा हा का उठला नाही? ऐकू येत नसेल. किंवा ऐकू आलं असेल, आणि दुसरंच कुणी त्या नावाला उठलेलं पाहून तो नेहमीसारखा बसून राहिला असेल. नेहमीसारखा, हा शब्द आपल्या मनात कुठून आला, ते ज्योतीरामला कळेना.

"ज्योतीराम ढवळे," पोरीनं हाक मारली.

खुर्च्यांवर ते दोघंच उरले होते आणि पोरीच्या हातात शेवटचीच चिठ्ठी होती. ज्योतीरामनं तोंड उघडलं. त्याआधीच कोपऱ्यातला म्हातारा उठला होता. तो सावकाश, पण कुठं जायचं ते ठाऊक असल्यासारखा हॉल ओलांडून गेला. जाताना त्यानं ज्योतीरामकडे पाहिलं आणि तो हसला, एका विशिष्ट जागी हसायचं असतं तसा. मग पडदा सरला. उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, की अहो थांबा, ते माझं आहे. पण गुडघ्यांनी आता पूर्वीसारखं भांडण काढलं होतं, आणि खिशात फोन वाजू लागला होता.

"काका, मिनल बोलतेय. आजोबांना इथं उशाशी स्पीकरवर ऐकवतेय, चालेल ना?" मागून एक श्वास ऐकू येत होता, खोल विहिरीतून पाणी ओढावं तसा, दर वेळी थोडं कमी येणारा. "काका, ऐकलंत ना टेप? सांगा ना. ड्रमवर कोण आहे?"

ज्योतीरामनं पडद्याकडे पाहिलं. आत स्टीलच्या ट्रेवर कुणाची तरी बोटं वाजत होती. त्याला गोजाबाईचा हात गालावर जाणवला, खरखरीत, उन्हात तापलेला. काल जे ठरवलं होतं ते सगळं त्याच्या तोंडात तयार होतं, आणि त्याला ते बोलायचंही होतं. फार बोलायचं होतं.

"बुद्धरत्न," तो म्हणाला. "बुद्धरत्न ओव्हाळ वाजवतोय."

पलीकडे श्वास अडला आणि मग एक पिंजलेला आवाज आला, "म्या म्हनलो नव्हतो? आई खोटं बोलत नव्हती." मिनल रडत असावी. तिनं नाक ओढून विचारलं, "आणि काका, तुम्ही? तुम्ही कधी आलात बँडमध्ये?"

"मी नंतर आलो, पोरी," ज्योतीराम म्हणाला. "सगळं संपल्यावर."

त्यानं फोन मांडीवर ठेवला. कोपरातला कापूस गळून पडला होता. पडद्याआड पोरीनं रबरी पट्टा आवळल्याचा आवाज झाला आणि तिनं एका दमात विचारलं, "ज्योतीराम ढवळे ना बाबा? उपाशीपोटी आलाय ना?"

"व्हय," आतून उत्तर आलं.